पाणी कुठवर आलं होतं

पासपोर्टच्या फॉर्मवर सही करताना आईनं एकच गोष्ट विचारली. "तिथं पाण्यातनं जायचं हाय का?"

मी म्हटलं, थोडंसं.

आमचं इस्लामपुरात कृषी सेवा केंद्र आहे. खतं, औषधं, बियाणं. आधी पप्पा बसायचे, आता मी बसतो. या धंद्यातल्यांना वेगळं सांगायला नको, पण बाकीच्यांसाठी: औषध कंपन्या डीलरला वर्षाचं टार्गेट देतात आणि ते गाठलं की स्कीम लागते. माझ्या लहानपणी स्कीममध्ये मिक्सर यायचा. मग सोन्याचं नाणं आलं. मग बँकॉक-पट्टाया. आता ते जुनं झालं, व्हिएतनाम जोरात आहे. त्यामुळे हानोईच्या विमानतळावर एकाच रंगाच्या टोप्या घातलेली पन्नासेक माणसं "अरे बॅगा मोजा की" म्हणून ओरडताना दिसली, तर ती आमच्यातलीच समजा.

दौरा फुकट असतो असं सगळे म्हणतात. मीही म्हणत होतो. खरं सांगायचं तर मार्चच्या शेवटच्या आठवड्यात आम्हाला चाळीस बॉक्स कमी पडत होते. निम्मे गोडाऊनला लावले. निम्मे आमच्या कायमच्या शेतकऱ्यांना दिले, "घेऊन ठेवा, पुढं लागणारच आहे, पैसे ऊसबिलावर द्या" असं म्हणून. त्यातल्या काहींना ते औषध त्या वर्षी लागलंच नाही. दोघांचे पैसे अजून यायचेत आणि ते मागताना माझा आवाज बारीक होतो.

तर दोन सीट लागल्या. पप्पा म्हणाले, माझे गुडघे काय तेवढं बसू देणार नाहीत, आईला ने. ती तिरुपतीच्या पलीकडं कुठं गेली नाही. हे बरोबर होतं. पण आई पाण्याला भिते हे आम्हा दोघांनाही माहीत होतं, आणि दौऱ्याच्या कागदावर तिसऱ्या दिवशी ठळक अक्षरात लिहिलं होतं: हा लाँग बे, फाइव्ह स्टार डे क्रूझ.

आई पहिल्यापासून भित नव्हती. तिचं माहेर वाळवा तालुक्यातलंच, वारणेच्या काठावरचं. पोहायला ती तिथंच शिकली, आणि लग्नानंतर बह्याच्या रामलिंग बेटावर दर शनिवारी जायची. ज्यांनी पाहिलं नाही त्यांना सांगतो, इस्लामपूरहून जवळच आहे. कृष्णा तिथं दोन फाटे करून बेटाला वळसा घालते आणि पुढं परत एक होते. बेटावर रामाचं देऊळ आणि समर्थांच्या अकरा मारुतींपैकी एक मारुती. राम पूजेला बसला होता, नदीला लोंढा आला, तेव्हा मारुतीनं दोन्ही बाहू पसरून पाणी दोन बाजूंना अडवलं, म्हणून नदी फुटली आणि म्हणून गावाचं नाव बहे, अशी गोष्ट आहे. लहानपणी मला ती आईनंच सांगितली.

ऑगस्ट २०१९ मध्ये आजीच्या खुब्याचं हाड मोडलं होतं म्हणून आई माहेरी होती. पाणी चढायला लागलं तेव्हा मामा म्हणाला, २००५ ला उंबऱ्याला लागून परत गेलं होतं, तेवढंच येईल. यावेळी ते खिडकीपर्यंत आलं. मग आणखी वर. सांगलीत आयर्विन पुलाजवळ पातळी ५७ फुटांच्या वर गेली ती हीच वेळ. म्हशींची दावी कापून सोडल्या. दोन रात्री सगळे स्लॅबवर ताडपत्री धरून बसले. तिसऱ्या दिवशी मामा आणि त्याचे मित्र गुऱ्हाळावरची काहील घेऊन आले.

आमच्याकडं पुरात हे नवीन नाही. उसाचा रस आटवायची लोखंडी कढई, सपाट बुडाची, चार-पाच माणसं मावतील एवढी. तिच्या कडांना धरून पोहणारी पोरं ती ढकलत नेतात. आजीला गोधडीत गुंडाळून आत ठेवलं, आई तिचं डोकं मांडीवर घेऊन बसली. जॅकेट वगैरे प्रश्नच नव्हता. मध्येच काहील गरागरा फिरायला लागली. आई सांगत नाही, मामानं सांगितलं की ती ओरडली नाही, फक्त आजीचे डोळे हातानं झाकून ठेवले.

त्याच आठवड्यात, ८ ऑगस्टला, पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळला पुरातून माणसं काढणारी बोट उलटली. १७ जण गेले. आई तेव्हा इस्लामपुरात परत आली होती आणि टीव्हीसमोर बसली होती. त्यानंतर ती रामलिंग बेटावर गेली नाही. शनिवारी लांबूनच हात जोडते.

एवढं सगळं माहीत असून मी तिला घेऊन गेलो. मला वाटलं, मोठी बोट आहे, एसी आहे, भीती मोडेल. आणि हेही खरं की मला फोटो हवे होते.

नोव्हेंबर २०२४. हानोईहून बसनं अडीच तास, मग तुआन चाऊचा धक्का. बोट म्हणजे पाण्यावरचं लग्नाचं हॉलच होतं म्हणा ना. तीन मजले, वर जकुझी, पांढरे सोफे, हातात थंडगार ओला रुमाल आणि कसलंतरी लाल सरबत. दुपारी बाराला निघून संध्याकाळी सहाला परत. बुफेत पनीर होतं, डाळ होती, तरी पंधरा मिनिटांत टेबलावर भडंग, शेंगदाण्याची चटणी आणि कुणाच्या तरी बायकोनं बांधून दिलेल्या कडक भाकऱ्या आल्या. वरच्या डेकवर 'झिंगाट' लागलं. जकुझीत आमचे सहा डीलर बनियनवर बसलेले बघून एक कोरियन जोडपं खाली निघून गेलं.

निघताना बोटीवरच्या मुलीनं लाइफ जॅकेट कसं घालायचं ते दाखवलं. सगळ्यांनी घातलं, सेल्फी काढले, काढून ठेवलं. आईनं काढलं नाही. भगवं जॅकेट, खाली जरीकाठाची साडी, पायात स्पोर्ट्स शूज. तशीच जेवायला आली. ताट घेऊन रांगेत उभी राहिली तशीच. कंपनीचे साहेब हसून म्हणाले, "काकी, बोट बुडत नाही हो."

मला लाज वाटली. मी तिच्याजवळ जाऊन हळू म्हणालो, "आई, काढ की आता. सगळी बघत्यात."

"बघू दे," ती म्हणाली आणि भात वाढून घेतला.

मग बेटं सुरू झाली. फोटोत पाहिलेली असतात, तरी तो आकार अंगावर येतो. पाण्यातून सरळ उभे सुळके, वर झाडी, एकामागं एक, शेवटचे धुक्यात नुसत्या सावल्या. १,६०० च्या आसपास बेटं आहेत, १९९४ पासून जागतिक वारसा यादीत. त्यांच्या दोन लाख डाँगच्या नोटेवर याच खाडीचं चित्र आहे. नोट आपल्या साडेसहाशे-सातशे रुपयांची. गाइड म्हणाला, हे सगळं चुनखडक. त्यावर तासगावकडच्या एका डीलरनं असा सुस्कारा सोडला की आम्ही सगळेच हसलो. चुनखडी म्हणजे आमच्याकडं डोकेदुखी. चुनखडीच्या रानात पिकाला लोह मिळत नाही, उसाचा केवडा होतो, पानं पिवळीधमक पडतात, आणि मग शेतकरी दुकानात येऊन हिराकस मागतो. "एवढ्या चुनखडीला हिराकस किती लागंल रे?" तो म्हणाला. "पुढच्या वर्षीचं टार्गेट इथंच लावा."

काही बेटांवर झाडं मोडून वाळलेली होती. दोन महिन्यांपूर्वी, ७ सप्टेंबरला, यागी वादळ इथूनच गेलं होतं. धक्क्याजवळ उभ्या केलेल्या बोटीसुद्धा बुडाल्या, असं गाइड म्हणाला. साहेब तेव्हा जकुझीत होते.

सुंग सोत गुहा मोठी आहे, आत रंगीत दिवे लावलेत, गर्दी इतकी की पुढच्याची पाठ बघत चालायचं. ती तोप बेटावर चारशेक पायऱ्या. रशियन अंतराळवीर तितोव १९६२ मध्ये हो ची मिन्हबरोबर इथं आला म्हणून त्याचं नाव दिलंय, खाली पुतळाही आहे. मी वर गेलो, फोटो काढले, उतरलो. आई खाली वाळूत बसून होती.

लुऑन गुहेपाशी मात्र मोठी बोट जात नाही. एका बेटाच्या पोटात कमानीसारखं बुटकं भोक आहे, त्यातून बांबूच्या होडीतून आत जायचं. होड्या चालवणाऱ्या बहुतेक बायका, डोक्यावर शंकूसारख्या टोप्या. इथं जॅकेटची सक्ती होती, त्यामुळे आमचे सगळे वाघ परत भगवे झाले. मी आईला म्हणालो, तू थांब इथंच, मी येतो पटकन.

ती होडीकडं बघत होती. होडीच्या काठाकडं, पाणी किती खाली आहे ते. मग त्या वल्हं मारणाऱ्या बाईनं हात पुढं केला. वयानं आईएवढीच. आई गेली. बसल्यावर त्या बाईनं आईच्या जॅकेटचा पट्टा ओढून बघितला, ढिला होता तो आवळला, आणि खांद्यावर एक थाप मारली. आपल्याकडं बैल जुपल्यावर मारतात तशी.

पाणी हिरवं होतं आणि वल्ह्याशिवाय कसला आवाज नव्हता. आईनं होडीच्या कडा दोन्ही हातांनी धरल्या होत्या. कमानीजवळ आल्यावर ती एकदम म्हणाली, "ते बघ. पाणी कुठवर येतं."

खडकाला पाण्याच्या जरा वर सगळीकडून आडवी खाच होती. जणू कुणी दोरी लावून कापलाय. गाइड म्हणाला, इथं भरती-ओहोटी दिवसातून एकदाच होते, आणि पाणी हजारो वर्षं खडकाला खात बसलंय, त्याची ती खूण. मामाच्या घरात अशी रेघ आहे. रंग दोनदा दिला तरी पावसाळ्यात ओल धरून परत दिसते, माझ्या खांद्याच्या वर.

आत गेलं की चारी बाजूंनी कडे आणि मध्ये गोल तळं. माकडं होती. सगळे माकडांचे व्हिडिओ काढत होते. गाइड त्याचं पाठ केलेलं सांगत होता: हिमयुगात समुद्र शंभराहून जास्त मीटर खाली होता, इथं दऱ्या होत्या, डोंगर होते, मग बर्फ वितळला, पाणी चढत गेलं, दऱ्या बुडल्या. आपण बघतोय ते फक्त शेंडे.

मी आईला मराठीत सांगितलं. ती जरा वेळ गप्प राहिली.

"काहिलीतनं असंच दिसत हुतं," ती म्हणाली. "देवळाचा कळस. पाण्याची टाकी. चिंचेचा शेंडा. मला गाव कळंना झालं. म्हटलं हे कुठल्या गावाला नेत्यात मला."

पाच वर्षांत त्या दिवसाबद्दल ती स्वतःहून बोललेली ही पहिली वाक्यं. मी फोन खिशात ठेवला. मग ती आजीबद्दल बोलली, म्हशींबद्दल बोलली. तीनातली एक परत आली होती, दुसऱ्या गावच्या उसात सापडली. शेजारची माणसं माकडांना हाका मारत होती.

बाहेर पडताना आईनं विचारलं, ही बाई कुठली? गाइडनं विचारून सांगितलं: तिचं सगळं घराणं याच खाडीत तराफ्यावरच्या घरात राहायचं. तिथंच जन्म, तिथंच मासेमारी. २०१४ मध्ये सरकारनं तरंगत्या गावातल्या लोकांना जमिनीवर घरं देऊन हलवलं. आता ती रोज सकाळी जमिनीवरून इथं कामाला येते.

"पुनर्वसन," आई म्हणाली. हा शब्द तिला चांगला ठाऊक आहे. आमच्याकडं चांदोली धरणग्रस्तांच्या वसाहती आहेत, आणि प्रत्येक पुरानंतर तिच्या माहेरातही त्या शब्दावर ग्रामसभा होते. "विचार की तिला, बरं वाटतं का तिथं?"

गाइडनं विचारलं. बाईनं मोठं काहीतरी उत्तर दिलं. गाइडनं त्याचं एकच वाक्य केलं: पोरांना शाळा जवळ आहे, पण रात्री झोप लागत नाही, घर हलत नाही म्हणून.

आई हसली. उतरताना तिनं पिशवीतून भडंगाचं पाकीट काढून त्या बाईला दिलं.

संध्याकाळी डेकवर वाइन आणि कापलेली फळं होती, मागं सूर्य. ज्यासाठी हा सगळा खर्च असतो तो हा अर्धा तास. माझ्याकडं त्यातला एकच फोटो आहे. आई सोफ्यावर, हातात कलिंगडाची फोड, जॅकेट घातलेलंच. तो मी स्टेटसला ठेवला. आत्यानं लगेच विचारलं, वहिनींनी हे काय घातलंय?

नंतर १९ जुलै २०२५ ला दुकानात बसलेलो असताना मोबाइलवर बातमी आली. हा लाँगमध्ये अचानक आलेल्या वादळात पर्यटकांची बोट उलटली, तीसहून जास्त माणसं गेली. मी घरी काही बोललो नाही. जेवताना आईच म्हणाली, "आपली हुती का ती बोट?"

"न्हाई. दुसरी."

तिनं भाकरी मोडली. बाहेर पाऊस होता, आठवड्याभराचा. मग म्हणाली, "ते जॅकेट कितीला मिळतं रं?"

ऑनलाइन सातशे-आठशेला मिळतं. सहा मागवली आणि मामाकडं पोचवली. मामा आधी हसला, मग दोनदा उलटंसुलटं करून बघितलं, शिट्टी वाजवून बघितली. धान्याच्या कणगीशेजारी माळ्यावर ठेवायचं ठरलं होतं. गेल्या खेपेला गेलो तर त्याची नातवंडं ती घालून अंगणात क्रिकेट खेळत होती, आणि विकेटकीपरच्या जॅकेटचा पट्टा तुटला होता. आईनं दारातच बसून तो शिवून दिला.