बोट नको, तांडेल निवडा!

लाँग वीकएण्ड कॅलेंडरवर दिसला रे दिसला की ऑफिसच्या पॅण्ट्रीत दोन पार्ट्या पडतात. एक डोंगरवाली, एक समुद्रवाली. डोंगरवाल्यांचं बरं असतं. शूज चढवले, कर्जत-कसाऱ्याची लोकल पकडली की काम फत्ते! समुद्रवाल्यांचं मात्र हल्ली नुसतं पाण्यात डुंबून समाधान होत नाही. पॅरासेलिंग झालं, बनाना राइड झाली, स्कूबासुद्धा झालं. आता पुढचा नंबर फिशिंगचा. भर समुद्रात बोट, हातात गळ, डोळ्यांवर गॉगल आणि डीपीला हाताएवढी सुरमई... आणखी काय हवं?

आणखी हवी ती धड बोट. आणि ती निवडायची कशी, हे कुठल्याच पॅकेजमध्ये सांगत नाहीत.

तसं बघायला गेलं तर आम्हा कल्याणकरांना बोटीबद्दल कोणी शिकवावं, हेच हसण्यासारखं. पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासवर्णनात आमच्या गावाचं नाव बंदर म्हणून आहे, ‘कॅलिएना’! ऑक्टोबर १६५७ मध्ये शिवाजी महाराजांनी कल्याण-भिवंडी घेतली आणि दुर्गाडीच्या खाडीकाठी आरमाराची तयारी सुरू झाली. एवढा सगळा वारसा, आणि आज आमचा खाडीशी संबंध किती? तर भिवंडीला जाताना पुलावर रिक्षा तुंबली की खाली दिसते तेवढाच. त्यामुळे समुद्रात जायचं म्हटलं की आम्हीही इतरांसारखेच पर्यटक. पोटात गोळी, खिशात चिंच-गोळ्या आणि मनात धाकधूक.

सव्वीस जानेवारीला जोडून आम्ही सहा जण निघालो. चौघं कल्याणचे, दोघं डोंबिवलीचे. ठाण्याहून मध्यरात्रीची तुतारी एक्स्प्रेस, सकाळी कुडाळ, तिथून मालवण. गाडीतच ठरलं होतं की किल्ला बघायचा, सोलकढी प्यायची आणि गरवायला जायचं. ‘गरवणं’ म्हणजे गरी टाकून मासे पकडणं. हा शब्द मालवणात गेल्यावर पहिल्यांदा शिका. ‘फिशिंग’ म्हणालात तर एक रेट आणि ‘गरवायला जायचंय’ म्हणालात तर दुसरा, असं आमच्या डोंबिवलीकर मित्राचं मत आहे. ते खरं-खोटं देव जाणे, पण बोलणं मात्र झटकन सुरू होतं.

तीन बोटी, तीन तऱ्हा

पहिला भेटला तो तारकर्लीच्या किनाऱ्यावर, हातात लॅमिनेट केलेला फोटो घेऊन. फोटोत एक गोरा पाहुणा आणि त्याच्या कंबरेएवढा मासा. ‘डॉल्फिन दिसतील?’ हो. ‘किल्ला?’ हो. ‘त्सुनामी आयलंड?’ हो. ‘आणि फिशिंग?’ तेही हो! सगळं दोन तासांत, माणशी आठशे. आमच्यातला बँकवाला तिथेच खिशात हात घालायला लागला. आता तुम्हीच हिशेब करा. दोन तासांत चार ठिकाणं म्हटल्यावर गळ पाण्यात राहणार किती? फार तर वीस मिनिटं. गोव्यात ग्रँड आयलंडची जी पॅकेजेस असतात त्यांचाही हाच फण्डा. डॉल्फिन, स्नॉर्कलिंग, जेवण आणि मधे चवीपुरतं फिशिंग. धमाल करायची असेल तर ते झकासच. पण मासेमारी करायची असेल तर माणशी रेटवाली बोट घ्यायचीच नाही. आख्खी बोट ठरवायची, म्हणजे वेळ आपला आणि जागा तांडेलाची.

दुसरा एकदम प्रोफेशनल. चकाचक रॉड, रीळ, मासे शोधणारं यंत्र, इन्स्टाग्रामवर पेज, यूपीआयचा बोर्ड. माणूस उत्तम होता, बोट उत्तम होती. पण रेट ऐकून आम्ही एकमेकांकडे बघितलं. ज्यांना खरंच या खेळाचं वेड आहे त्यांनी असल्याच बोटीवर जावं. पहिल्यांदा गळ धरणाऱ्या सहा जणांना एवढा सरंजाम म्हणजे ड्रायव्हिंग शिकायला मर्सिडीज!

तिसरा दांडीच्या किनाऱ्यावर जाळं विणत बसला होता. साठीच्या आसपासचा तांडेल. त्याने आम्हाला काही विकलंच नाही. उलट तोच विचारत सुटला. “खंयसून इलात? पोवाक येता काय? गाडयेत उलटी कोणाक जाता?” सहापैकी तिघांनाच पोहायला येतं म्हटल्यावर त्याने मान हलवली. बोट आख्खी साडेपाच हजार, जॅकेट घातल्याशिवाय पाय ठेवायचा नाही, बियर आणायची नाही आणि जायचं की नाही ते सकाळी वारा बघून सांगणार.

“म्हणजे काका, उद्याचं पक्कं नाही?” आमच्यातली एचआरवाली.

“माझा पक्का. वाऱ्याचा कोण सांगतलो?”

आम्ही तिसरी बोट ठरवली. मत पाच विरुद्ध एक. त्या एकाने रात्री जेवताना आम्हाला फार छळलं, ते सोडा.

पंचांग आणि पाणी

त्या संध्याकाळी जाळ्याशेजारी बसून काकांनी आम्हाला जो क्रॅश कोर्स दिला, तो कुठल्याही ब्रोशरमध्ये मिळणार नाही. पहिली गोष्ट म्हणजे भरतीची वेळ. कोकणात सगळ्यांना पाठ असलेला हिशेब आहे. तिथीचा आकडा घ्या आणि त्याची पाऊणपट करा. पंचमी असेल तर पावणेचार. म्हणजे पावणेचारच्या सुमारास भरती पूर्ण आणि साधारण सहा तासांनी, पावणेदहाला पूर्ण ओहोटी. अष्टमी? सहा वाजता. हिशेब ढोबळ आहे, पण कालनिर्णय आणि पाढे एवढ्यावर चालतो. पाणी वाहतं असताना मासा खातो आणि ते थबकलं की त्याचीही सुट्टी होते. त्यामुळे ‘कधीही या, मासे असतातच’ असं कोणी म्हणालं तर समजून जा.

दुसरी गोष्ट वारा. हिवाळ्यात पहाटे जमिनीवरून समुद्राकडे मतलई वारा असतो, पाणी शांत असतं. दुपारी समुद्रावरून खारा वारा सुटतो आणि लाटा उठतात. म्हणून फिशिंग पहाटेचं. हॉटेलचा ब्रेकफास्ट आटोपून अकराला जाणाऱ्यांना मासे कमी आणि मळमळ जास्त!

तिसरी गोष्ट जागा. १९८७ मध्ये जाहीर झालेलं मालवणचं सागरी अभयारण्य सिंधुदुर्ग आणि पद्मगडाच्या परिसरात आहे आणि त्याच्या गाभ्यात मासेमारीला बंदी आहे. किल्ल्याला खेटून गळ टाकून देतो म्हणणारा बोटवाला तुम्हाला फोटो भारी देईल, पण नियम त्याला माहीत नसतील किंवा माहीत असून नको असतील. दोन्ही वाईट.

‘आज नाय’

दुसऱ्या दिवशी पहाटे सहाला आम्ही दांडीवर हजर. काका आमच्याआधी पाण्याकडे तोंड करून उभे. थोडा वेळ काहीच बोलले नाहीत. मग म्हणाले, “उत्तरेचो वारो आसा. आज भायर नाय जावचा.”

झालं! रात्रीची परतीची गाडी, सोमवारी ऑफिस, आणि समोर समुद्र तर आम्हाला अगदी शहाण्या मुलासारखा दिसत होता. बँकवाल्याने मोबाइलवर तारकर्लीवाल्याला फोन लावला. तो म्हणाला, ‘या की, आम्ही निघतोय.’ आता आली का पंचाईत! एका बाजूला नाही म्हणणारा म्हातारा आणि दुसऱ्या बाजूला हो म्हणणारा तरुण, तोही स्वस्तात.

मी काकांच्या बाजूने होतो. मला वाऱ्यातलं ओ की ठो कळत नाही, पण एक साधा हिशेब कळत होता. ‘नाही’ म्हणून या माणसाचे साडेपाच हजार बुडत होते. मालवणच्या पारंपरिक मच्छीमारांचं पर्ससीन आणि एलईडीवाल्या मोठ्या बोटींशी भांडण वर्षानुवर्षं चाललंय. २०१६ मध्ये सरकारने पर्ससीनवर निर्बंध आणले, तरी ते धुमसतंच आहे. अशा वेळी पर्यटकाचा एक फेरा म्हणजे चांगली कमाई. ती हातची सोडून जो माणूस नाही म्हणतो, त्याला काहीतरी दिसत असणारच. हो म्हणणाऱ्याला मात्र काही दिसायची गरजच नसते.

काकांनीच मग तोडगा काढला. बाहेर नाही तर आत! देवबागला कर्ली नदी समुद्राला मिळते, तिच्या खाडीत. पण संगमाच्या तोंडाशी जायचं नाही, तिथे नदीचं पाणी आणि लाटा एकमेकांना भिडतात. बँकवाला तोंड पाडून का होईना, आला. माडांच्या आडोशाला बोट नांगरली, गरीला कोळंबी लावली, दोरी बोटावर धरायची आणि गप्प बसायचं. अडीच तासांत आम्हाला काय मिळालं? चार शेंगट्या, दोन चिमुकले मासे (ते काकांनी लगेच पाण्यात सोडायला लावले) आणि एक तांबोशी. ती लागली बँकवाल्याच्याच गरीला! दोरी एकदम ताठ झाली तेव्हा तो असा किंचाळला की काठावरचे बगळे उडाले. दुपारी खानावळीत तिचं तिखलं झालं. सहा जणांत प्रत्येकी दोन घास. पण काय ते घास!

आणि तारकर्लीची ती बोट? संध्याकाळी किनाऱ्यावर त्यांचा ग्रुप भेटला. भिजलेले, दोघं पिवळे पडलेले, पण मजेत. काहीही झालं नव्हतं.

नेमकी इथेच गोम आहे. बहुतेक दिवशी काहीच होत नाही. म्हणून तर लॅमिनेटेड फोटोवाल्याचा धंदा चालतो आणि नाही म्हणणारा काका येडा ठरतो. पण २४ मे २०२२ रोजी याच तारकर्लीजवळ स्कूबा करून परतणारी, वीस पर्यटक असलेली बोट उलटली आणि दोघांचा जीव गेला. त्या सकाळी निघालेली माणसंही तुमच्या-आमच्यासारखीच सुट्टीवर होती. बोट सुखरूप परत आली म्हणजे ती निवडताना बरोबर निवडली होती, असं नसतं.

विचारायचे पाच प्रश्न

एक : परवाना कसला? मासेमारी बोटीची नोंदणी वेगळी आणि प्रवासी नेण्याचा महाराष्ट्र सागरी मंडळाचा परवाना वेगळा. माणसं किती बसवायची, तो आकडाही विचारा आणि बोटीतली डोकी स्वतः मोजा.

दोन : जॅकेट कुठे आहे? फळीखाली दाबून ठेवलेलं जॅकेट म्हणजे नसलेलं जॅकेट. अंगावर घालून, पट्टे आवळूनच निघायचं. लहान मूल असेल तर त्याच्या मापाचं हवं.

तीन : इंजिन बंद पडलं तर? दुसरं इंजिन, वल्हं, नांगर, वायरलेस किंवा जवळ असलेली ओळखीची बोट, काहीतरी ठोस उत्तर यायला हवं. ‘आपली बोट बंद पडत नाही’ हे उत्तर नाही.

चार : मासा कोणाचा? काही बोटींवर पकडलेला मासा तुमचा, काहींवर बोटवाल्याचा, अंदमानात मोठ्या ट्रेव्हलीसारखा मासा फोटो काढून परत सोडायची पद्धत आहे. आधीच बोलून घ्या, किनाऱ्यावर वाद नको. लहान मासा सोडायचाच. कोणता मासा किती लांबीच्या आत पकडायचा नाही, याचे नियम राज्य सरकारने २०२३ मध्ये केले आहेत.

पाच : कोणत्या दिवशी नेणार नाही? हा सगळ्यात महत्त्वाचा. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारीबंदी असते आणि पावसाळ्यात प्रवासी बोटीही बंद असतात, हे तर त्याने सांगायलाच हवं. पण त्यापलीकडे, स्वतःच्या अनुभवाने तो कधी थांबतो? तुम्हीही ‘इन्कॉइस’ या हैदराबादच्या संस्थेचा लाटा-वाऱ्याचा अंदाज मोबाइलवर बघू शकता. शेअर बाजार रोज बघतोच की आपण!

आणि हो, घासाघीस जरा बेतानेच करा. मॉलमध्ये कॉफीला न कुरकुरता अडीचशे मोजणारे आपण, किनाऱ्यावर दोनशे रुपयांसाठी अर्धा तास घालतो. रेट खाली आला की बोटवाला तो कुठून तरी भरून काढणार. दोन माणसं जास्त घेऊन, नाहीतर वारा असताना निघून.

तेव्हा पुढच्या लाँग वीकएण्डला गोवा असो, मालवण असो की थेट अंदमान, फोटो बघू नका, रंग बघू नका, आधी माणूस बघा. तो जर पाण्याकडे बघून म्हणाला, ‘आज नाय’, तर चिडू नका. त्याचा नंबर सेव्ह करा.