बोरघाटांत एका नामवंताच्या संगतीनें

संस्कृतांतील 'घट्ट' या शब्दापासून आपला 'घाट' आला. नदींत उतरण्याच्या पायऱ्या तोही घाट आणि सह्याद्रि चढून जाण्याची वाट तोही घाट. कोंकणांतून देशावर येणाऱ्या अशा वाटा पुष्कळ आहेत. परंतु बोरघाटाइतकी वर्दळ त्यांपैकीं थोड्यांच्याच वांट्यास आली असेल. सर जॉन माल्कम हे मुंबईचे गव्हर्नर असतांना, इ. स. १८३० मध्यें, येथून गाड्यांचा रस्ता खुला झाला. १८५६ मध्यें आगगाडीच्या मार्गाचें काम सुरू होऊन १८६३ मध्यें तें तडीस गेलें. आणि २००२ पासून सहापदरी द्रुतगति मार्ग पूर्णपणें वाहता झाला. या सोयींनीं घाट इतका सुलभ केला आहे कीं, खोपोली केव्हां मागें पडली आणि खंडाळा केव्हां आला हें डुलकी घेणाऱ्या प्रवाशास कळतही नाहीं. घाट ही काय वस्तु आहे हें जाणावयाचें असेल, तर तो पायीं तरी चढावा, नाहीं तर सायकलीवर तरी. द्रुतगति मार्गावर सायकलीस मज्जाव असल्यामुळें सायकलस्वारास जुन्याच रस्त्यानें जावें लागतें. आणि वाट नीट पाहूं इच्छिणाऱ्याच्या दृष्टीनें तें बरेंच आहे.

गेल्या मार्गशीर्षांत हा योग मला आला. माझें वय चौसष्ट. पुण्यांत शिक्षकाची नोकरी करीत असतां पस्तीस वर्षें शाळेंत जाणें-येणें सायकलीवरच केलें; त्यामुळें वाहन ओळखीचें, परंतु घाट चढण्याचा हेतु कधीं मनांत आला नव्हता. तो आला तो घरांतील एका प्रश्नामुळें. माझे धाकटे बंधु आमच्याच घरांत राहतात. त्यांचा मुलगा अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षास आहे. सायकलच्या शर्यतींत दोन-तीन बक्षिसें मिळाल्यापासून, कॉलेज सोडून पूर्ण वेळ शर्यतींचीच तयारी करावी असें त्यानें मनांत घेतलें. त्याच्या आजीचें म्हणणें, हातीं घेतलेली विद्या अर्धवट टाकूं नये. त्याच्या आईस रस्त्यावरील ट्रकांचें भय. वडिलांनीं तर मुलाशीं बोलणेंच सोडलें. एकाच पंक्तीस जेवणारीं दोन माणसें, परंतु आमटी वाढावयास सांगण्यापलीकडे शब्द नाहीं, असें दोन महिने चाललें. शेवटीं 'दादा, तुम्हीच त्याची समजूत घाला' असें बंधूंनीं मला सांगितलें. मीं मुलाजवळ विषय काढला, तेव्हां तो म्हणाला, "काका, आधीं एकदां माझ्याबरोबर घाट चढा. मग तुम्ही सांगाल तें मी ऐकून घेईन." अट वाजवी होती.

पनवेलीस एका आप्तांकडे मुक्काम करून पहाटे पांचास आम्ही निघालों. पुतण्या, त्याचे तिघे मित्र आणि मी. पनवेलीपासून खोपोलीपर्यंत सुमारें तीस किलोमीटरांचा रस्ता बहुतेक सपाट आहे. शेडुंग गेलें, चौक गांव जवळ येऊं लागतांच डाव्या हातास इर्शाळगडाचा सुळका उजेडांत येऊं लागला. थंडीच्या दिवसांत सकाळचा वारा डोंगराकडून समोर येतो. मुलें पुढें निघून जात, मग लाजेनें थांबत, आणि मी धापा टाकीत त्यांना गांठीं. चौकास चहाकरितां थांबलों तेव्हां माझ्या मनांत, खोपोलीहून आगगाडीनें परतावें, असा विचार डोकावला होता.

तेथेंच एक गृहस्थ एकटेच सायकलीवर आले. वय पन्नाशीच्या पुढचें, अंग सडसडीत, पायांच्या पोटऱ्या मात्र दोरखंडासारख्या पिळदार. मुलांनीं त्यांना पाहतांच हातांतील पेले खालीं ठेविले. मुंबई–पुणे शर्यतींत एके काळीं ज्यांचें नांव गाजलें, त्यांपैकीं हे एक. आपलें नांव छापूं नये अशी त्यांची इच्छा असल्यामुळें मी तें देत नाहीं. त्या शर्यतींत बोरघाट सर्वांत आधीं चढणाऱ्यास 'घाटाचा राजा' म्हणण्याची रीत आहे. फ्रान्समधील जगप्रसिद्ध शर्यतींतही डोंगर चढण्याच्या कौशल्याचा निराळा मान १९३३ पासून दिला जातो, आणि १९७५ पासून त्या मानकऱ्याच्या अंगावर पांढऱ्या कापडावर तांबडे ठिपके असलेला सदरा असतो. शर्यत कोठलीही असो, चढावाचा मान वेगळा धरण्याची बुद्धि सर्वत्र सारखीच दिसते.

ते पुण्यास निघाले होते. मुलांनीं भीत भीत विचारलें, तेव्हां 'चला, बरोबरच जाऊं' असें म्हणून त्यांनीं आम्हांस एका ओळींत लाविलें. आपण सर्वांत पुढें, त्यांच्या मागें मी, आणि माझ्या मागें मुलें. "मास्तर, माझ्या मागच्या चाकाकडे टक लावून पाहूं नका, नजर माझ्या पाठीवरून पुढें रस्त्याकडे असूं द्या, आणि ब्रेक एकदम दाबूं नका," एवढेंच त्यांनीं सांगितलें. दोन चाकांमध्यें हात-दीड हात अंतर. रस्त्यावर खड्डा आला कीं ते हात खालीं करून त्या बाजूस बोट दाखवीत. तीच खूण मी मागच्यास करीं, आणि ती शेवटच्या मुलापर्यंत पोंचे.

आणि नवल असें कीं, मघाशीं अंगावर येणारा वारा नाहींसा झाला. त्याचें कारण शास्त्रीय आहे. सपाटीवर सायकलस्वाराचे श्रम मुख्यतः हवा बाजूस सारण्यांत खर्च होतात, आणि वेग दुप्पट झाला तर हवेचा विरोध सुमारें चौपट होतो. पुढील स्वार हवा कापीत जातो, त्याच्या आडोशास असणाऱ्याचे चतुर्थांश ते तृतीयांश श्रम वांचतात. म्हणूनच शर्यतींत स्वार आळीपाळीनें पुढें येतात, आणि मोठ्या संघांत तर आपल्या नायकासाठीं दिवसभर वारा खाणारे स्वार मुद्दाम ठेविलेले असतात. त्या दिवशीं व्यवस्था उलट झाली होती. एक नामवंत स्वार एका निवृत्त मास्तराकरितां वारा कापीत होता. मुलें पुढें येऊं पाहत, तेव्हां ते हातानेंच 'राहूं द्या' म्हणत. खालापूर कधीं आलें तें मला कळलें नाहीं.

खोपोली हें घाटाच्या पायथ्याचें गांव. नाना फडणिसांनीं येथें तलाव व महादेवाचें देऊळ बांधविलें. घाट चढणाऱ्या वाटसरूस पाणी आणि देव या दोहोंचाही आधार लागतो, हें त्या मुत्सद्यानें ओळखलें असावें. येथेंच टाटांचें वीजगृह १९१५ पासून आहे. वर लोणावळ्याकडील तलावांत सांठविलेलें पाणी नळांतून खालीं आणून त्याच्या जोरावर वीज उत्पन्न करितात. पाणी जी उंची क्षणांत उतरतें ती आम्हांस आतां चढावयाची होती: सुमारें साडेपांचशे मीटर.

घाट लागतांच सपाटीवरील नियम निरुपयोगी होतो. चढावर वेग ताशीं सात-आठ किलोमीटरांवर येतो. त्या वेगास हवेचा विरोध नांवापुरता, आणि श्रम जवळजवळ सगळे वजन उचलण्यांत जातात. माणूस व सायकल मिळून ऐंशी किलो वजन साडेपांचशे मीटर वर न्यावयाचें, आणि हें ओझें ज्याचें त्यालाच. पुढील माणसाच्या आडोशाचा येथें उपयोग नाहीं. मुलांच्या तें ध्यानीं आलें कीं नाहीं कोण जाणे. पुतण्या पहिल्याच वळणावर दांडीवर उभा राहून सुसाट निघून गेला. त्या थोर स्वाराच्या डोळ्यांदेखत आपलें सामर्थ्य दाखवावें, हा मोह त्या वयांत स्वाभाविकच आहे. मीं त्यांच्याकडे पाहिलें. ते म्हणाले, "जाऊं द्या. शिंग्रोबापाशीं भेटेल."

ते माझ्या शेजारीं आले. ज्यांनीं हा घाट माझ्या निम्म्याहून कमी वेळांत कैकदां चढला असेल, ते माझ्या गतीनें चढूं लागले. "मास्तर, बोलतां येईल इतक्याच वेगानें चढा. कांहीं तरी म्हणत राहा." मी रामरक्षा म्हणूं लागलों. सोपा चढ असे तोंवर श्लोक सुरळीत येई. कठीण वळणावर चरण मध्येंच तुटे. तुटला कीं ते म्हणत, "थोडें हळू," आणि स्वतःही तितकेच हळू होत. एकदांही ते अर्ध्या चाकानें पुढें गेले नाहींत. सपाटीवर त्यांनीं मला आडोसा दिला होता. चढावर देण्यासारखी एकच वस्तु त्यांच्यापाशीं होती, ती म्हणजे चाल, आणि ती त्यांनीं माझ्या बेताची करून दिली. पस्तीस वर्षें वर्गांत मागच्या बांकावरील मुलांसाठीं मी जें करूं पाहत होतों, तें एक मनुष्य न बोलतां करीत असलेला मीं जवळून पाहिला.

घाटांत शिंग्रोबाचें देऊळ आहे. इंग्रज एंजिनियरांस येथील वाट शिंग्रोबा नांवाच्या धनगरानें दाखविली आणि त्याबद्दल बक्षिसाऐवजीं त्याला मृत्यु मिळाला, अशी कथा सांगतात. जातां येतां प्रवासी तेथें नाणें वाहतात. पुतण्या देवळाबाहेरील कठड्यावर बसला होता. चेहरा पांढरा पडलेला, सायकल आडवी, उजव्या पोटरीस गोळा आलेला. आम्हांस पाहून त्यानें मान खालीं घातली. त्या गृहस्थांनीं त्यास एक अक्षरही रागाचें म्हटलें नाहीं. खिशांतून गुळाचा खडा काढून दिला, पाणी पाजलें, आणि स्वतः खालीं बसून त्याची पोटरी चोळूं लागले.

मीं तेथेंच त्यांना घरचा प्रश्न सांगितला. वाटलें होतें, ते 'सोड' म्हणतील किंवा 'सोडूं नको' म्हणतील. ते म्हणाले, "मास्तर, माझें नशीब बरें. शर्यतींमुळें रेल्वेंत नोकरी लागली. पहाटे सराव आणि दिवसा कचेरी असें निभावलें. माझ्याच बरोबरीचे, माझ्याहून वेगवान असे कांहीं, हातीं शिक्षण ना नोकरी असे राहिले. मी कोणत्या तोंडानें सांगूं?" मग ते मुलाकडे वळले. "सकाळीं उठल्याबरोबर नाडी मोजतोस?" नाहीं. "झोंप किती तास?" नक्की सांगतां येईना. "गेल्या महिन्यांत किती किलोमीटर चालविलीस?" अंदाजानेंच उत्तर. "एक वही कर. नाडी, झोंप, अंतर, खाणें, कॉलेजचा अभ्यास किती तास, सगळें रोज लिही. वर्षभर. खोटें लिहूं नको, आणि राहिलेला दिवस मागाहून भरूं नको. वर्षानें ती वही काकांना दाखव, वडिलांना दाखव. घाट चढण्याजोगा आहेस कीं नाहीं तें वही सांगेल."

पुढचा चढ आम्ही सर्वांनीं एका चालीनें चढलों. पूर्वीं मोटारींतील प्रवाशांची खूण असलेला अमृतांजन पूल २०२० मध्यें पाडला गेला. परंतु दरीपलीकडे नागफणीचें टोंक, आणि धुक्यांतून वर येणारा राजमाचीकडील मुलुख हें सर्व जेथल्या तेथें आहे. खोपोलीपासून खंडाळ्यास पोंचावयास मला पावणेदोन तास लागले. तेथें त्या गृहस्थांनीं आमचा निरोप घेतला. मीं नमस्कार केला, तों त्यांनींच वांकून केला, आणि दोन मिनिटांत ते वळणाआड गेले. ती त्यांची खरी गति होती, हें आम्हांस तेव्हां कळलें.

ती वही आमच्या माजघरांतील फडताळांत असते. रात्रीं जेवणें आटोपल्यावर आजी ती नातवाकडून मोठ्यानें वाचून घेतात. नाडीचा आंकडा चढला कीं आई दुसऱ्या दिवशीं लवकर झोंपावयास लाविते. गेल्या आठवड्यांत माझे बंधु वही चाळीत बसलेले मीं पाहिले, आणि 'हा रविवारचा अभ्यास इतका कमी कां?' असें त्यांनीं मुलास विचारलें. दोन महिन्यांच्या अबोल्यानंतर त्या दोघांचें खरें संभाषण या वहीमुळें सुरू झालें आहे. मुलगा कॉलेजांत जात आहे आणि पहाटे सायकलही चालवीत आहे. पुढें काय करावें याचा निर्णय येत्या मार्गशीर्षांत व्हावयाचा आहे. आजपर्यंत सात महिन्यांचीं पानें भरलीं. मध्यें दोन दिवस कोरे आहेत. ते त्यानें कोरेच ठेविले आहेत.