माहुलीची अनेक दर्शने

कसाऱ्याकडे जाणाऱ्या लोकलमधून वासिंद मागे पडले, की डाव्या हाताला माहुलीचे सुळके दिसू लागतात. आसनगावला उतरून शहापूरच्या मानस मंदिराकडे निघालेल्या यात्रेकरूंचीही ही ओळखीची खूण. किनाऱ्यावर दीपगृह जे काम करते, तेच येथे हा डोंगर करतो.

अशा प्रसिद्ध खुणेचे छायाचित्र घेणे सोपे, नवे छायाचित्र घेणे अवघड. रेवदंड्याजवळ कोर्लईला येणारे बहुतेक जण दीपगृहाच्या पायथ्याशी उभे राहून कॅमेरा वर रोखतात. तेथूनच किल्ल्यावर चढून मागे वळून पाहिले, तर तेच दीपगृह अथांग समुद्रापुढे लहानसे भासते. दीपगृह तेच असते. पाहणाऱ्याने जागा बदललेली असते.

माहुलीलाही हाच न्याय लागू पडतो. सकाळच्या उन्हात आसनगावच्या बाजूचा कडा घडीघडीने उजळतो. सायंकाळी सूर्य मागे गेला, की नवरा, नवरी, भटोबा या सुळक्यांच्या केवळ काळ्या आकृती उरतात. आषाढात ढग क्षणभर बाजूला झाले, तर लावणीच्या खाचरातील पाण्यात डोंगर उलटा उभा राहतो.

सुमारे 850 मीटर उंचीच्या माथ्यावरून मात्र सारे दृश्यच पालटते. खाली तानसा जलाशय पसरलेला दिसतो. 1892 पासून हे पाणी मुंबईची तहान भागवीत आहे. भातसा धरणाचे पाणीही याच तालुक्यातून महानगराकडे जाते. आणि उन्हाळ्यात याच तालुक्यातील कित्येक पाड्यांवर स्त्रिया रिकामे हंडे घेऊन टँकरची वाट पाहत असतात. माथ्यावरून टिपलेले जलाशयाचे चित्र खरे, पाड्यावरचे हंड्यांचे चित्रही खरे. एकावाचून दुसरे अपुरे.

जैन दर्शनाने प्रत्येक दृष्टिकोनाला ‘नय’ म्हटले आणि कोणत्याही एका नयाला पूर्ण सत्य मानण्याचे नाकारले. अनेकांताचा हा पाठ कॅमेरा हाती घेणाऱ्यालाही उपयोगी पडावा. पाड्यावरील माउलीची आधी विचारपूस करून, तिच्या संमतीने घेतलेल्या छायाचित्रात हंडा पुढे आणि माहुली मागे असेल. पाणी गाळून आणि जपून वापरण्याचा संस्कार असलेल्या एखाद्या शहरी घराच्या भिंतीवर ते लागले, तर नळ सोडणारा हात क्षणभर थबकेल.