माळ्याचा सॅम

परीक्षेच्या तोंडावर ग्रंथालयात जे. आर. आर. टॉल्कीन यांच्या ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’चा मराठी अनुवाद हाती लागला. चेटक्यांची नि अंगठीची गोष्ट असेल, चाळून परत करू म्हणून घरी नेला. आणि परीक्षा राहिली बाजूला!

टॉल्कीन ऑक्सफर्डला जुन्या इंग्रजीचे प्राध्यापक होते. या गृहस्थांनी आधी भाषा रचल्या आणि मग त्या बोलायला कुणीतरी हवं म्हणून लोक निर्माण केले. १९५४-५५ साली हा ग्रंथ तीन खंडांत निघाला. गोष्ट संपली तरी मागे परिशिष्टं आहेतच : सनावळ्या, लिप्या, पंचांग. त्यातल्या शायर नावाच्या मुलखात हॉबिट राहतात. उंचीनं कमरेएवढे, अनवाणी चालणारे. त्यांचे बाराही महिने तीस दिवसांचे. उरलेले पाच दिवस कोणत्याच महिन्यात नाहीत. ज्याचा वाढदिवस त्यानंच इतरांना भेटी द्यायच्या. नको असलेली भेट मग पंचक्रोशीत हातोहात फिरत राहते. (आमच्याकडे आहेराच्या टॉवेल-टोपीचं दुसरं काय होतं?)

पण मी अडलो तो सॅम गॅमजीपाशी. सॅम माळी, त्याचा बाप माळी, दोघेही एकाच घरची बाग राखणारे. त्या घरच्या बिल्बोंनी सॅमला अक्षरं शिकवली. म्हातारा गावच्या गुत्त्यात बसून हे सांगतो, मालकांचा हेतू चांगलाच होता म्हणतो, आणि यातून पोराचं काही वाईट होऊ नये अशी धास्तीही बोलून दाखवतो.

तिथं मी पुस्तक मिटलं. माझे आबा दुसऱ्याच्या द्राक्षबागेत सालगडी आहेत. मी कॉलेजात नाव घातलं तेव्हा मालकांच्या ओट्याखाली उभं राहून ते याच सुरात म्हणाले होते, “शिकतंय खरं पोरगं, पर उद्या बागंत हात घालंल का, मालक?”

‘सॅमवाइज’ म्हणजे जुन्या इंग्रजीत अर्धशहाणा. प्राध्यापकांची थट्टा! पण हाच अर्धशहाणा धन्याला पाठीवर घेऊन ज्वालामुखी चढतो. तरीही त्याच्या तोंडचं ‘मिस्टर फ्रोडो’ काही सुटत नाही. आमच्या सरांना विचारलं, तर ते म्हणाले, ते प्रेम आहे. असेल. प्रेमात एकानंच का वाकायचं, हे मला अजून पटलेलं नाही.

शेवटी फ्रोडो समुद्रापार जातो. जाताना सगळी हकिकत लिहिलेलं लाल पुस्तक सॅमच्या हाती देतो. शेवटची पानं सॅमसाठी कोरी ठेवलेली असतात. पुढं सॅम सात वेळा नगराध्यक्ष म्हणून निवडून येतो. ते पुस्तक त्याच्या थोरल्या मुलीकडं, एलानोरकडं जातं. आणि परिशिष्टात मोठमोठ्या घराण्यांच्या वंशावळींबरोबर माळ्याचीही वंशावळ छापली आहे, बापजाद्यांपासून तेरा लेकरांपर्यंत!

दिवाळीच्या सुट्टीत घरी गेलो तेव्हा छाटणी चालू होती. आबा कात्री पुसत बसले होते. मी वही काढून पणजोबांचं नाव विचारलं.

“गणू. त्याच्या मागचं कुणाला ठावं?” ते म्हणाले. मी तेवढंच लिहिलं. ते बराच वेळ वहीकडं बघत राहिले. मग म्हणाले, “लिहून ठिवतुयास व्हय? मग तुझ्या आईचं बी नाव घाल.”