पूर्णेच्या सपाटीवरून

डोंगर चढून जाणाऱ्या सायकलस्वाराची लोक वाहवा करतात. सपाटी तुडवीत जाणाऱ्याविषयी मात्र कोणास कुतूहलही वाटत नाही. दक्षिणेस अजिंठ्याची रांग आणि उत्तरेस सातपुडा यांच्यामध्ये पसरलेले पूर्णेचे खोरे, ज्याला वऱ्हाडात पयानघाट म्हणतात, ते मोटारीच्या खिडकीतून जाणारास सर्वत्र सारखेच काळे आणि सारखेच ओसाड भासते. परंतु मूर्तिजापुराहून पहाटे निघून दर्यापूर, अंजनगाव या मार्गाने सायंकाळी अचलपूर गाठणाऱ्यास, म्हणजे ते खोरे स्वतःच्या पायांच्या बळावर आडवे ओलांडणाऱ्यास, या सपाटीचा स्वभाव हळूहळू उलगडू लागतो.

मार्गशीर्षातील थंडीत मी निघालो तेव्हा रस्त्याच्या सोबतीला शकुंतला रेल्वेचे अरुंद रूळ होते. निजामाने १८५३ च्या तहान्वये वऱ्हाडचा कारभार इंग्रजांच्या हवाली केला, पुढे अमेरिकेतील यादवी युद्धाने येथील कापसाला सोन्याचा भाव आणला, आणि त्या कापसाच्या वाहतुकीसाठी एका विलायती कंपनीने हा फाटा १९१३ साली अचलपुरापर्यंत नेला. मँचेस्टर येथे १९२१ मध्ये घडविलेले बाष्पइंजिन येथे १९९४ पर्यंत गाडी ओढीत होते. आज रुळांमध्ये गवत माजले आहे. ज्या गाडीने गोरगरिबांना अल्प भाड्यात तालुक्याच्या कचेरीपर्यंत आणि बाजारापर्यंत पोहोचविले, ती पुन्हा धावावी ही येथील लोकांची मागणी मला सर्वस्वी न्याय्य वाटते.

लाखपुरीपर्यंतचा उतार डोळ्यांना दिसत नाही, पण पायंडलावरचा भार हलका होतो आणि नदी जवळ आल्याचे पायांना आधी कळते. पूर्णा ओलांडली की तोच जमाखर्च उलटतो: चढण नजरेस न पडता मांड्यांत उतरते, आणि तिच्या जोडीला समोरून उत्तरेचा वारा येतो. सपाट मुलखात डोंगराचे काम वाराच करतो. फरक एवढाच की डोंगराला माथा असतो, वाऱ्याला तो नसतो.

नदीच्या दोन्ही अंगांना खारपाणपट्टा आहे. अकोला, अमरावती आणि बुलढाणा या तीन जिल्ह्यांत पसरलेल्या या पट्ट्यात गाळाची चिकण माती अत्यंत खोल, पण विहिरीचे पाणी खारे. ते पिण्यास निरुपयोगी, आणि पिकाला वारंवार दिले तर जमीनच नासून टाकणारे, म्हणून येथील शेतकरी भूगर्भातील पाण्याकडे पाठ फिरवून केवळ आकाशाच्या भरवशावर कापूस आणि तूर पिकवितो, आणि मातीने धरून ठेवलेल्या ओलीवर हरभरा काढतो. दर्यापुराच्या अलीकडे एका वस्तीवर मी पाणी मागितले. अंगणात तुरीच्या शेंगा निवडीत बसलेल्या आजीबाई उठल्या आणि म्हणाल्या, "इहिरीचं खारं हाये, भाऊ. नयाचं आनतो, थांबा." सातपुड्याच्या पायथ्याच्या धरणातून नळाने आलेले, आणि नळ आला त्या दिवशी घरात साठवून ठेवलेले ते पाणी त्यांनी मला तांब्याभर दिले, शिवाय माझी बाटलीही भरून दिली. ज्या घरात गोड्या पाण्याचा असा हिशेब ठेवावा लागतो, तेथे हा उदारपणा काय मोलाचा आहे, हे वाऱ्याशी झगडत आलेल्या माझ्या कोरड्या घशाला पुरते उमगले. याच पूर्णाकाठच्या ऋणमोचनास गाडगेबाबांनी आपल्या सेवाकार्याला आरंभ केला. या मातीतून तशी व्यक्ती निपजावी यात मला नवल वाटत नाही.

अंजनगाव सुर्जी जवळ येऊ लागले तसे पाण्याने आपला धर्म पालटला. शिंदे आणि इंग्रज यांच्यातील १८०३ च्या तहामुळे इतिहासाच्या पुस्तकांत गेलेले हे गाव प्रत्यक्षात विड्याच्या पानांचे आणि पानपिंपरीचे गाव आहे, आणि पाटाने खेळणारे पाणी पाहून दुपारी मागे टाकलेला मुलूख त्याच खोऱ्यातला होता हे मनाला पटेना. पुढे अचलपूर-परतवाड्याकडे तर संत्र्यांच्या बागाच लागल्या.

सापन आणि बिच्छन या नद्यांकाठचे अचलपूर ही इमादशाहीची राजधानी, पुढे निजामाच्या सुभ्याचे ठाणे. दिवसभर खोरे तुडवून त्याच्या वेशीत शिरताना माझ्या मनात आले की, शतकानुशतके राज्यकर्ते या गोड्या पाण्याच्या काठावर राहिले, आणि त्यांच्या खजिन्यात पडणारा महसूल मात्र खारे पाणी असलेल्या परगण्यांनीही तितक्याच मुकाट्याने भरला. त्या परगण्यांचे नाव बखरींत क्वचितच येते, आणि आजही त्यांच्याकडे वाट वाकडी करून कोणी जात नाही. दुसऱ्या दिवशी गाविलगडावरून चिखलदऱ्यास चढून जाण्याचा माझा बेत होता. तो मी रात्रीच रहित केला, आणि सकाळी अकोटावरून दहिहांड्याकडे, पुन्हा खारपाणात, सायकल वळविली.