लाइट गेल्यावर पाणी कुठं जातं?

मत्स्यालयाच्या काचेला भोक पाडायचं म्हटलं की घरातली माणसं आधी नाहीच म्हणतात. चार फूट लांब, दोन फूट रुंद आणि दोन फूट उंच टाकीत साधारण ४५० लिटर पाणी मावतं. म्हणजे दिवाणखान्यात साडेचार क्विंटल वजन उभं असतं, आणि ते पेलणाऱ्या काचेला मुद्दाम छिद्र कशाला पाडायचं? काच विकणाराही हात राखूनच बोलतो. ‘भाऊ, मारून देतो, पण फुटली तर आपली जबाबदारी नाही.’ त्याचं काही चुकत नाही. तरीही वऱ्हाडातल्या मालेगाव तालुक्यातल्या किन्हीराजासारख्या गावात, जिथं पावसाळी वाऱ्यात आणि ऐन मे महिन्यात लाइट कधी जाईल याचा नेम नसतो, तिथं मोठ्या टाकीला भोक न पाडणं जास्त धोक्याचं आहे, असं माझं ठाम मत आहे.

कारण सोपं आहे. माशांच्या टाकीखाली ठेवलेल्या दुसऱ्या टाकीला संप म्हणतात. वरच्या टाकीतलं पाणी काठाजवळून ओसंडून संपमध्ये उतरतं, तिथं स्पंज आणि जाळीदार माध्यमातून गाळलं जातं आणि पंप ते पुन्हा वर चढवतो. ही कल्पना जुनी आहे. लंडनच्या प्राणिसंग्रहालयात १८५३ साली पहिलं सार्वजनिक मत्स्यालय उघडलं. पुढं विल्यम आल्फर्ड लॉइड यांनी १८७१ साली लंडनच्याच क्रिस्टल पॅलेसच्या मत्स्यालयात माशांच्या टाक्यांपेक्षा कितीतरी मोठा हौद खाली अंधारात ठेवला आणि सगळं पाणी सतत फिरतं ठेवलं. मुंबईच्या मरीन ड्राइव्हवर १९५१ साली सुरू झालेल्या तारापोरवाला मत्स्यालयात महाराष्ट्रातल्या दोन-तीन पिढ्यांनी मासे पाहिले, पण ते पाणी फिरवणारी यंत्रणा प्रेक्षकाच्या नजरेस सहसा पडली नाही. घरातल्या संपचंही तसंच. तो कपाटात असतो, आणि पाणी फरशीवर आल्यावरच त्याची आठवण होते.

भोक टाळू पाहणारे लोक काठावरून उलट्या ‘यू’ आकाराची नळी सोडतात. तिच्यात सायफन धरलेला असतो आणि पाणी त्याच्या जोरावर बाहेर पडतं. वीज असेपर्यंत ठीक. पण नळीच्या वरच्या वळणात हवेचे बुडबुडे साठतात, लाइट गेली की प्रवाह थांबतो, आणि कधीतरी सायफन तुटतो. अर्ध्या तासानं लाइट येते, पंप इमानदारीनं पाणी वर फेकू लागतो, पण खाली उतरायला वाट उरलेली नसते. रात्री दोन वाजता हे झालं तर कुणाला कळतही नाही. काचेतल्या भोकाला सायफन धरावा लागत नाही. पातळी वाढली की पाणी आपल्या वजनानं उतरतं, दिवसातून दहा वेळा लाइट गेली तरी.

पण नुसतं भोक पाडून भागत नाही, हिशेब करावा लागतो. चार बाय दोनच्या टाकीत पाण्याची पातळी एक सेंटिमीटरनं उतरली की सुमारे साडेसात लिटर पाणी खाली जातं. पंप बंद पडल्यावर पाणी वर नेणारी नळीच उलटी वाहू लागते आणि तिचं तोंड उघडं पडेपर्यंत टाकी रिकामी करते. तोंड पातळीखाली ३ सेंटिमीटरवर असेल तर २२ लिटर खाली येतील. दिसायला बरं म्हणून ते २० सेंटिमीटर खोल ठेवलं असेल तर जवळपास १५० लिटर. तीन फूट लांब, सव्वा फूट रुंद आणि सव्वा फूट उंच संप काठोकाठ भरला तरी त्यात १३० लिटरच मावतात! यावर अनेकजण नळीत एनआरव्ही, म्हणजे पाणी उलटं येऊ न देणारी झडप, बसवतात. किन्हीराजाच्या शेतकऱ्याला त्याचा भरवसा किती धरायचा हे सांगावं लागत नाही. विहिरीवरच्या फुटव्हॉल्व्हमध्ये एक खडा अडकला की पाइप रिकामा होतो, हे त्यानं पाहिलेलं असतं. बोअरच्या जड पाण्याचा क्षार तर झडपेवर हमखास बसतो. म्हणून नळीचं तोंड वर ठेवावं, पातळीच्या किंचित खाली त्या नळीला हवा घेणारं बारीक छिद्र पाडावं, ते शेवाळानं बुजत नाही ना हे अधूनमधून पाहावं, आणि संपमध्ये तेवढी जागा कायम मोकळी सोडावी.

आता प्रत्यक्ष काच. पहिला प्रश्न, ती साधी आहे की टफन? टफन काच सहाशे अंशांच्या वर तापवून हवेच्या झोतानं झटकन थंड केलेली असते. तिचा पृष्ठभाग दाबाखाली आणि गाभा ताणाखाली असतो. ड्रिलनं तो तोल मोडला की अख्खी काच क्षणात तुकडे-तुकडे होते. आपल्याकडं स्थानिक कारागिरानं जोडलेल्या टाक्या बहुधा साध्या फ्लोट काचेच्या असतात, कंपनीच्या तयार टाकीचा तळ मात्र टफन असू शकतो. शंका असेल तर काचेमागं लॅपटॉपचा पांढरा पडदा लावायचा आणि पोलराइज्ड गॉगलमधून बघायचं. कडांशी काळसर पट्टे-ठिपके दिसले तर ड्रिलला हात लावायचा नाही.

दुसरा निर्णय जागेचा. बरेच कारागीर तळाला भोक मारतात, कारण पाइप लपतात. मी मागच्या काचेला, वरच्या बाजूला मारण्याच्या बाजूचा आहे. भोकाला बसवलेला रबरी वायसर कधी गळलाच तर पाणी भोकाच्या खालच्या कडेपर्यंतच जाईल, मासे वाचतील. भोकाची कड आणि काचेची कड यांत निदान भोकाच्या व्यासाइतकं अंतर हवं. ४५ मिलिमीटरचं भोक असेल तर ४५ मिलिमीटर काच शिल्लक ठेवायची. आणि आधी भोकात बसणारा टँक निपल विकत घ्यायचा, मगच ड्रिलचा बिट. एक इंची म्हणून मिळणाऱ्या वेगवेगळ्या निपलांचा आटा वेगवेगळ्या जाडीचा निघतो.

ठिबकच्या सबमेनला भोक पाडून ग्रोमेट बसवणारा माणूस हे काम पटकन समजतो, कारण रचना तीच आहे: भोक, रबर आणि आत-बाहेर जाणारा तुकडा. फरक एवढाच की पीव्हीसी चूक माफ करतं. काच करत नाही. १९२१ साली ॲलन ग्रिफिथ या ब्रिटिश अभियंत्यानं काचेवर प्रयोग करून दाखवलं की काच तिच्यावरच्या सूक्ष्म भेगांमुळं तुटते. ताण भेगेच्या टोकाशी गोळा होतो आणि भेग धावत सुटते. भोकाच्या कडेला उडालेला छोटासा टवका म्हणजे अशी तयार भेगच.

टाकी जोडण्याआधी काच थर्माकोलवर आडवी ठेवता आली तर उत्तम. खालच्या बाजूला चिकटपट्टी लावायची, म्हणजे बिट बाहेर पडताना टवके कमी उडतात. वरच्या बाजूला भोकाभोवती कणकेची पाळ करून तिच्यात पाणी भरायचं. बिट म्हणजे पोकळ नळीसारखा डायमंड होल सॉ, त्याच्या कडेला हिऱ्याची भुकटी बसवलेली असते. तो काच कापत नाही, झिजवतो. प्लायचा भोक पाडलेला तुकडा काचेवर पक्का धरला की बिट घसरत नाही. ड्रिल बॅटरीवरचंच घ्यावं, जवळ पाणी आहे. वेग मिनिटाला ४००-५०० फेऱ्यांच्या आत. आणि जोर? अजिबात नाही. ड्रिलचं स्वतःचं वजन पुरतं. काच उष्णता फारशी वाहून नेत नाही, त्यामुळं घासलेली जागा तापून फुगते, बाजूची गार राहते, आणि त्या ताणात काच तडकते. पाणी दुधासारखं पांढरं झालं की काम नीट चाललंय. ते बदलत राहायचं, बिट मधूनमधून उचलायचा. १० मिलिमीटर काचेला दहा मिनिटं लागली तरी बिघडत नाही. शेवटच्या मिलिमीटरला आवाज बदलतो, किंचित पोकळ होतो. घाई होते ती इथंच, आणि टवके उडतात तेही इथंच. डोळ्यांवर गॉगल शेवटपर्यंत ठेवायचा. चकती सुटली की भोकाच्या दोन्ही कडा ओल्या वॉटर पेपरनं मऊ करून घ्यायच्या.

निपल बसवताना रबरी वायसर पाण्याच्या बाजूला, कॉलरखाली येतो. नट हातानं आवळून वर पाव फेरा, बस्स. पाना लावून पिळलं तर आत्ता जपलेली कड तिथंच तडकेल. आवाजाचा त्रास नको असेल आणि खर्चाची तयारी असेल तर तीन भोकांची रचना सर्वात चांगली: एक नळी पूर्ण भरून वाहणारी, दुसरी उरलेलं थोडं पाणी नेणारी, तिसरी कोरडी, पहिल्या दोन तुंबल्या तर उपयोगी पडणारी. बजेट एकाच भोकाचं असेल तर त्याच्यापुढं दातेरी कंगवा हवाच, नाहीतर एखादी गप्पी थेट संपमध्ये सापडेल.

चाचणी मासे सोडण्याआधी, अंगणात. टाकी भरून पंप चालू करायचा आणि प्लग ओढायचा. संपमधलं पाणी चढून जिथं थांबेल तिथं खूण करायची. मग उलट परीक्षा: पंप चालू ठेवून उतरणारी वाट बोळ्यानं बंद करायची. पंपाच्या कप्प्यातलं सगळं पाणी वर चढल्यावरही टाकी काठावरून सांडता कामा नये. पंपाच्या कप्प्यात २३ लिटर पाणी असेल तर चार बाय दोनच्या टाकीची पातळी ३ सेंटिमीटरनं वाढेल, म्हणून काठाशी त्याहून जास्त जागा लागते.

दोन्ही परीक्षांत टाकी उतरली की संपवर पक्क्या मार्करनं रेघ मारावी, पंप चालू असतानाची कमाल पातळी. वऱ्हाडच्या उन्हाळ्यात पारा ४४-४५ अंशांवर जातो, पाणी भराभर उडतं, आणि ते कमी झालेलं दिसतं फक्त पंपाच्या कप्प्यात. घरातला कुणीही तांब्या घेऊन भर घालतो. त्याला ही रेघ दाखवून ठेवायची, रेघेच्या वरची मोकळी जागा ही लाइट गेल्यावर उतरणाऱ्या पाण्याची आहे. भर घालायला आरओचं पाणी वापरावं. उडतं ते नुसतं पाणी, क्षार मागं राहतात. बोअरचं पाणी घालत राहिलं तर जून उजाडेपर्यंत टाकीतलं पाणी बोअरपेक्षाही जड झालेलं असतं.