जाऊबाईंबरोबर लुधियानाला

मैत्रिणींनो, पंजाब म्हटले की आपल्याला अमृतसरच आठवते. मी मात्र दिवाळीच्या सुटीत गेले लुधियानाला, तेही जाऊबाईंच्या सोबतीला! शिलाई मशीनच्या विक्रेत्यांसाठी तिथे दोन दिवसांचे प्रशिक्षण-संमेलन होते. भाऊजींच्या मागे दुकान जाऊबाईच बघतात. विक्री जमते, पण दुरुस्तीला कारागिराची वाट पाहावी लागे, तोवर गिऱ्हाईक तुटे.

मनमाडहून सचखंड एक्स्प्रेसने थेट जाता येते. वाटेत काही स्टेशनांवर शीख मंडळी प्रेमाने लंगर वाढतात. लुधियाना म्हणजे सायकली, लोकरी कपडे नि शिलाई मशीनचे गाव. १९०६ सालच्या घंटाघराजवळच्या चौडा बाजारात स्वेटर-शालींची नुसती रेलचेल!

संमेलनात बहुतेक पुरुषच. "मालिक नहीं आये?" एकाने विचारलेच. "मैं ही मालिक," म्हणत जाऊबाई पहिल्या रांगेत जाऊन बसल्या.

तिथे मशीन उघडूनच शिकवले. शटलचे टोक आणि सुई यांचा मेळ चुकला की टाका सुटतो. तो मेळ जाऊबाईंनी स्वतःच्या हातांनी जुळवला. आपल्या उपयोगाचे एक सांगते. कापडाखाली दोऱ्याचा गुंता झाला की आपण बॉबिनला दोष देतो. पण बहुधा वरचा दोरा नीट बसलेला नसतो. फूट उचलून दोरा पुन्हा ओवावा, म्हणजे तो टेन्शनच्या चकत्यांत बरोबर बसतो.

परतताना जाऊबाईंच्या पिशवीत शाल एकच. बाकी स्क्रू-ड्रायव्हर, शटल नि सुया! दुकानाच्या पाटीवर आता नवी ओळ आहे: 'मशीन दुरुस्त करून मिळेल.'